महावतार नरसिंह : पुराणातला प्रल्हाद थेटरात किती आला?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवतो. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करा, रात्री जेवणं झाल्यावर वाचा.

होळी झाली आणि ग्रुपवर पुन्हा ‘महावतार नरसिंह’च्या क्लिपा फिरायला लागल्या. खांब फुटतो, नरसिंह बाहेर येतो, मागे ढोलाचा दणका, आणि खाली ठरलेलं वाक्य : ‘पुराणात जसं आहे तसंच दाखवलंय, एका अक्षराचा फरक नाही.’ ओळखीच्या एका दादांनी तर लिहून टाकलं की आता पोरांना पुराण सांगायची गरज नाही, सिनेमा दाखवला की काम झालं.

मला सिनेमावर कमी आणि ह्या वाक्यावर जास्त बोलायचंय.

सिनेमा चांगला आहे, हे पहिल्यांदा मान्य करू. २५ जुलै २०२५ ला लागला, दिग्दर्शक अश्विन कुमार. कोणी मोठा हिरो नाही, पडद्यावर खरा माणूसच नाही, तरी तीनशे कोटींच्या वर धंदा केला. आपल्याकडे जळगाव-धुळ्यातही लोक घरदार घेऊन गेले. ज्या आजीबाईंनी दहा-पंधरा वर्षांत थेटराची पायरी चढली नव्हती त्या नातवाचा हात धरून गेल्या. चपला बाहेर काढून लोक आत बसले, अशा बातम्या ठिकठिकाणच्या आल्या. ऍनिमेशन म्हणजे लहान पोरांचं कार्टून, हा आपला समज एका सिनेमाने मोडला, हे काम लहान नाही. वराहाचा भाग तर मला फारच आवडला.

पण ‘एका अक्षराचा फरक नाही’ असं म्हणायचं तर अक्षरं एकदा बघायला नकोत का? सिनेमावाले स्वतः सांगतात की कथा विष्णुपुराण, नरसिंहपुराण आणि श्रीमद्भागवत ह्यांच्या आधाराने घेतली. आता गंमत अशी की ही पुराणंच एकमेकांशी अक्षरशः जुळत नाहीत. भागवतात ही कथा सातव्या स्कंधाच्या पहिल्या दहा अध्यायांत आहे, विष्णुपुराणात पहिल्या अंशाच्या सतरा ते वीस ह्या अध्यायांत. दोन्ही ठिकाणचा प्रल्हाद एकच, पण गोष्ट वेगळ्या वळणाने जाते.

होलिकाच घ्या. सिनेमात ती आहे, आणि होळीला आपण तीच गोष्ट सांगतो. पण भागवताच्या सातव्या स्कंधात होलिका नाही. विष्णुपुराणातही नाही. प्रल्हादाला आगीत टाकल्याचं दोन्हीकडे येतं, पण त्याला मांडीवर घेऊन बसणारी आत्या कुठेच नाही. ती लोकांच्या तोंडातून आलेली गोष्ट. भविष्यपुराणाच्या परंपरेत होळीचा संबंध ढुंढा राक्षशिणीशी लावलाय, पोरं बोंबा मारतात ते तिला पळवायला. आणि आपल्याच सातपुड्यात, अक्कलकुव्याकडे काठीची राजवाडी होळी बघा. उंच बांबू उभा राहतो, रात्रभर ढोल वाजतात, अंगावर रंगरंगोटी केलेले लोक पहाटेपर्यंत नाचतात, आणि त्यांच्या होळीला प्रल्हादाशिवाय काही अडत नाही. सिनेमावाल्यांनी होलिका घेतली म्हणून मी त्यांना दोष देत नाही. लोकांच्या मनातली कथाही कथाच असते. वाल्मीकींच्या रामायणात लक्ष्मणरेषा नाही, म्हणून आपण ती सांगायची थांबतो का? फक्त ‘पुराणात जसं आहे तसं’ हे म्हणू नका.

आता मुद्द्याचं. विष्णुपुराणात एक प्रसंग आहे, तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पान उलटून पुन्हा मागे आलो. प्रल्हादाला समुद्रात टाकून वर डोंगर लोटलेत. तिथे तो विष्णूची स्तुती करतो, विष्णू प्रकट होतो, वर माग म्हणतो. पोरगा काय मागतो? माझ्या बापाने तुझा द्वेष केला, त्याचं पाप त्याला लागू नये. एवढं होऊन तो घरी परत येतो. आणि हिरण्यकशिपू, हो, तोच हिरण्यकशिपू, पोराला जवळ घेतो, त्याचं मस्तक हुंगतो, डोळ्यांत पाणी आणून म्हणतो, बाळा, जिवंत आहेस! त्याला पश्चात्ताप होतो, पोरावर माया दाटते. नरसिंहाने त्याला मारल्याचं पुढे येतं, पण जवळजवळ एका श्लोकाच्या वाक्यात. ना खांब, ना उंबरठा, ना अर्धा तास लढाई. खांबाची कथा भागवताची.

हा रडणारा बाप पडद्यावर आला असता तर? सिनेमा कोसळला असता, असं निर्मात्याला वाटलं असणार, आणि धंद्याच्या हिशेबाने ते बरोबरही असेल. सगळा सिनेमा ज्या क्षणाकडे चाललाय तो क्षण म्हणजे नखांनी पोट फाडणं. तिथे बापाच्या डोळ्यांतलं पाणी आडवं येतं.

दुसरा प्रसंगही विष्णुपुराणातलाच. राजाचे पुरोहित प्रल्हादाला मारायला कृत्या निर्माण करतात. तिचा शूळ पोराच्या छातीवर आपटून तुटतो आणि ती उलटून पुरोहितांनाच मारते. आपल्यासारखा माणूस म्हणाला असता, बरं झालं, केलं ते भोगलं. प्रल्हाद धावत जातो आणि प्रार्थना करतो की ज्यांनी मला विष दिलं, आगीत टाकलं, हत्तीखाली घातलं, साप सोडले, त्यांच्याबद्दलही माझ्या मनात कधी वाईट आलं नसेल तर हे ब्राह्मण उठून बसोत. आणि ते उठतात.

तिसरा. बाप विचारतो, राजाने मित्राशी कसं वागावं, शत्रूशी कसं वागावं, मंत्री, हेर, तटस्थ लोक, सगळ्यांशी कसं? साम, दाम, दंड, भेद सगळं शिकवलंय ना गुरुजींनी? पोरगा म्हणतो, शिकवलंय, पण मला पटत नाही. तुमच्यात, माझ्यात, सगळ्यांत तोच एक असेल तर मित्र कोण आणि शत्रू कोण?

राजाच्या भर दरबारात राजाला असं सांगणारं हे लेकरू आहे. सिनेमातला प्रल्हाद गोड आहे, सोशीक आहे, डोळे मिटून नाम घेतो, संकट आलं की देव वाचवतो. पुराणातला प्रल्हाद बोलतो. खूप बोलतो. भागवतात गुरुजी घरच्या कामाला गेले की वर्गातली असुरांची पोरं त्याला खेळायला बोलावतात आणि तो त्यांना खाली बसवून दोन अध्याय बोलतो. लहानपणापासूनच सुरुवात करा म्हणतो. असुरपण सोडा, सगळ्या जिवांवर दया करा म्हणतो. ऐकणारे सगळे असुरांचे पोरगे, सांगणाराही असुराचाच. हे लक्षात घ्या : ‘ते’ विरुद्ध ‘आपण’ अशी वाटणी ह्या कथेत करताच येत नाही, कारण कथेचा नायकच ‘त्यां’च्यातला आहे.

दोन अध्यायांचं भाषण सिनेमात घालता येत नाही, मलाही कळतं. प्रश्न असा की काहीतरी कापावंच लागतं तेव्हा आपण काय कापतो आणि काय वाढवतो. इथे बोलणं कापलं, मारामारी वाढवली.

आता भागवतातला शेवट. लढाई तिथेही आहे, ती सिनेमावाल्यांनी पदरची घातलेली नाही. गदा आहे, ढाल-तलवार आहे, गरुडाने सापाशी खेळावं तसा नरसिंह त्याच्याशी खेळतो, तो एकदा हातातून निसटतोही. पण व्यासांचं मन तिथे रमत नाही. त्यांना पुढचं सांगायचंय. हिरण्यकशिपू मेल्यावरही नरसिंहाचा राग उतरत नाही. सगळे देव लांब उभे राहून स्तुती करतात, जवळ जायची कोणाची छाती होत नाही. लक्ष्मीसुद्धा घाबरते. शेवटी ब्रह्मदेव त्या पोरालाच म्हणतात, तू जा. पोरगा जाऊन पायावर डोकं ठेवतो आणि नरसिंह त्याच्या डोक्यावर हात ठेवतो. मग येतो नववा अध्याय, प्रल्हादाची स्तुती, सगळ्या कथेचं काळीज. तिथे तो म्हणतो, बहुतेक मुनी एकट्याच्या मोक्षासाठी रानात जाऊन गप्प बसतात, पण ह्या सगळ्या दीनवाण्या लोकांना टाकून मला एकट्याला सुटायचं नाही. देव वर माग म्हणतो तर हा उलट सुनावतो, काही मिळावं म्हणून सेवा करतो तो भक्त नाही, तो व्यापारी. (आपल्या सराफ बाजारातल्या मंडळींनी राग मानू नये, मूळ शब्दच तसा आहे.) मग मागतो ते बापासाठी. आणि नरसिंह त्याला सांगतो, बापाचं क्रियाकर्म कर.

ज्याने जीव घ्यायचा प्रयत्न केला त्याला पोरगा अग्नी देतो. कथा इथे थांबते. आपली क्लिप कुठे थांबते? खांब फुटला, पोट फाडलं, संपलं. आणि त्याच क्लिपवर गावातल्या कोणाकोणाची नावं टाकून ‘ह्यांचंही असंच होणार’ असं लिहिलेलं मी ह्याच होळीत दोन ग्रुपवर बघितलंय. दोन्ही बाजूंचे लोक लिहितात, पक्ष विचारू नका. प्रल्हादाच्या नावावर हे चाललंय म्हणून ही पोस्ट.

कोणी म्हणेल, भो, सिनेमा आहे, प्रवचन नाही, पब्लिकला ऍक्शन लागते. लागते. पण ‘रामायण : द लेजेंड ऑफ प्रिन्स रामा’ आठवा. जपानचे युगो साको, दिग्दर्शनात त्यांच्याबरोबर कोइची सासाकी आणि आपले राम मोहन. परदेशी माणूस रामायणाचं कार्टून करतो म्हणून तेव्हा आपल्याकडे विरोधही झाला. १९९३ ला दिल्लीच्या महोत्सवात दाखवला, मग कित्येक पोरांनी टीव्हीवर बघितला, आणि २४ जानेवारी २०२५ ला पुन्हा थेटरात आला. हाताने काढलेली चित्रं, आजच्या मानाने लढाया साध्या. पण त्यात युद्धाची जी खंत आहे, मेलेल्यांसाठी थांबणं आहे, ते वाल्मीकींच्या जवळ जाणारं आहे. कापाकापी साकोंनीही केली, उत्तरकांड घेतलंच नाही. म्हणजे ऍनिमेशनला शांतपणा झेपत नाही असं काही नाही, दाखवणाऱ्याला तो हवा असावा लागतो.

धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ रामदासांच्या हस्ताक्षरातलं वाल्मीकी रामायण जपून ठेवलंय. नानासाहेब देवांनी मठामठांतून कागद गोळा केले, त्यातला हा ठेवा. धुळ्यातलेच कितीतरी लोक तिथे एकदाही गेलेले नाहीत. जा एकदा, पोरांना घेऊन जा. एका माणसाने तो सगळा ग्रंथ बोरूने उतरवून काढलाय. उतरवून काढणाऱ्याला आवडता श्लोक ठेवून नावडता गाळता येत नाही, सगळ्यांतून जावंच लागतं.

भाषेचं थोडक्यात सांगतो, नाहीतर ती वेगळी पोस्ट होईल. हे दोन्ही सिनेमे २०२५ मध्ये थेटरात आले ते हिंदी आणि दक्षिणेकडच्या भाषांत. मराठीत एकही नाही. कन्नड पोराने नरसिंह कन्नडमध्ये बघितला, तेलुगू पोराने तेलुगूत, आपला पोरगा हिंदीत बघून आला आणि घरी बापाला ‘पिताश्री’ म्हणायला लागला. २०१८ ला ‘प्रभो शिवाजी राजा’ हा मराठी ऍनिमेशनपट आला होता, म्हणजे जमत नाही असं नाही. पुढचा भाग परशुरामाचा, २०२७ ला येणार म्हणून जाहीर झालाय. मराठी डबिंग मागायला आत्तापासून सुरुवात करा. अहिराणीचं तर मी नावच काढत नाही, पण आमच्या मायच्या तोंडून प्रल्हाद अहिराणीतच ऐकला होता आणि तो हिंदीवाल्यापेक्षा जास्त बोलका होता.

यंदा ज्येष्ठ अधिक आहे. गावोगाव भागवत सप्ताह बसतील, मंडपवाल्यांच्या तारखा आत्ताच भरत आल्यात. वर्गणी तुम्ही देणार, जेवणावळीत वाढायला तुम्ही उभे राहणार, तर महाराजांना एवढं सांगा की नरसिंह अवताराच्या दिवशी खांब फोडून, फुगे उडवून कथा थांबवू नका, नववा आणि दहावा अध्यायही सांगा. पोरांना त्या दिवशी मुद्दाम पुढे बसवा, सिनेमा बघितलाय त्यांनी, प्रश्न विचारतील.

आणि खाली कमेंटमध्ये मला काय म्हणायचं ते म्हणा, फक्त त्याआधी विष्णुपुराणाचा पहिला अंश, अध्याय १७ ते २० उघडून बघा. चार अध्याय, तासाभराचं काम.