गॅस कंपनीचे लाखांचे आकडे आणि गावाचा हिशेब

दरवर्षी मार्च संपला की गॅस कंपन्या आपली वर्षभराची कामगिरी जाहीर करतात. किती घरांना पाइपने गॅस जोडला, किती सीएनजी पंप उघडले, किती किलोमीटर पाइप टाकली, सुरक्षेसाठी काय केलं. आकडे मोठे असतात आणि बहुतेक शहराचे असतात. पण लातूर, धाराशिव आणि रत्नागिरीच्या लोकांनीही आता ते नीट वाचायला हवेत. कारण मुंबईची महानगर गॅस ही कंपनी आता या जिल्ह्यांपर्यंत आली आहे. १९९५ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने १ फेब्रुवारी २०२४ ला युनिसन एन्व्हायरो ही कंपनी विकत घेतली आणि तिच्याबरोबर या तीन जिल्ह्यांचं कामही तिच्याकडे आलं.

जोडणी कुठे वाढते?

मुंबई परिसरात या कंपनीची २० लाखांहून जास्त घरं आणि ३०० हून जास्त सीएनजी पंप आहेत. तिथे एका इमारतीत पाइप नेली की शंभर स्वयंपाकघरं जोडली जातात. आपल्याकडे शंभर घरं म्हणजे गावठाण, दोन वाड्या आणि चार वस्त्या. तेवढ्याच खर्चात जोडण्या मोजक्याच होतात. म्हणून आधी हायवेवर पंप येतो, मग जिल्ह्याच्या गावातल्या कॉलन्या, मग तालुका. खेड्याचा नंबर शेवटी.

पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ कंपनीला एक अख्खं क्षेत्र देतं आणि जोडण्या, पंप, पाइप यांचं उद्दिष्ट ठरवून देतं. उद्दिष्ट क्षेत्राचं असतं, गावाचं नाही. सगळ्या जोडण्या शहरात झाल्या तरी बेरीज भरते. त्यामुळे आकडा वाचताना दोन प्रश्न विचारावेत. यातली तालुक्याबाहेरची किती? आणि मीटर बसलेली घरं किती, त्यात प्रत्यक्ष शेगडी पेटलेली किती?

सीएनजीचंही तसंच. ज्या पंपावर पाइपलाइन पोचलेली नाही, तिथे गॅस ट्रकवरच्या टाक्यांतून आणावा लागतो. ट्रकला उशीर झाला की रांग लागते, टाकीतला दाब उतरला की गाडीत गॅस कमी बसतो. पंपांची संख्या वाढली म्हणून रिक्षावाल्याची रांग कमी झाली, असं होत नाही.

खरा धोका खोदाईचा

नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो. गळती झाली तर तो वर जातो. सिलिंडरचा गॅस जड, तो जमिनीलगत साचतो. म्हणून पाइपचा गॅस असलेल्या स्वयंपाकघरात वरच्या बाजूला झरोका उघडा पाहिजे. वास आला तर लाइटचं बटण चालूही करू नये, बंदही करू नये. वॉल्व्ह बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या आणि बाहेर पडून कंपनीच्या तातडीच्या नंबरवर फोन करायचा.

पण मोठा धोका घराबाहेर आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईत आरसीएफच्या आवारात गेलची मुख्य गॅस पाइपलाइन दुसऱ्याच कामात फुटली. घरातल्या चुली चालू ठेवण्याला प्राधान्य दिलं गेलं, पण अनेक सीएनजी पंप बंद पडले आणि रिक्षा-टॅक्सीवाले तासन्‌तास रांगेत अडकले. एवढ्या देखरेखीच्या ठिकाणी हे होऊ शकतं, तर गावच्या रस्त्याकडेला काय होईल? आपल्याकडे पाणीपुरवठ्याची पाइप, फायबरची केबल, रस्त्याची गटार, सगळ्याला जेसीबी लागतो. गॅस लाइनची पाटी दिसली तर कंपनीला कळवल्याशिवाय बकेट खाली टाकू नये, हे ऑपरेटरला सांगणारं कुणीतरी गावात पाहिजे. ते काम ग्रामपंचायतीनेच करायचं आहे.

पाइप शेतातून गेली तर

शहराला गॅस मिळतो तो शेताखालून येतो. दाभोळहून बंगळूरपर्यंतची लाइन कोकण आणि कोल्हापूर भागातून गेली. मुंबई-नागपूर-झारसुगुडा लाइनचा मोठा भाग समृद्धी महामार्गाच्या कडेने आहे. अशा मोठ्या लाइनसाठी १९६२ चा कायदा लागतो. त्यात जमीन विकत घेत नाहीत, फक्त वापराचा हक्क घेतात. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. त्या पट्ट्यात नेहमीची पिकं घेता येतात. पण घर बांधता येत नाही, विहीर, तळं करता येत नाही, झाड लावता येत नाही.

मोबदला दोन भागांत असतो. पीक, झाडं, बांध यांचं जे नुकसान होईल ते वेगळं, आणि वापराच्या हक्कासाठी जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के. अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत हरकत घेता येते. ठरवलेली रक्कम मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं. गोची बहुतेक वेळा या २१ दिवसांतच होते. अधिसूचना राजपत्रात निघते आणि शेतकऱ्याला कळतं ते शेतात खुणेचे दगड पडल्यावर.

कंपनीच्या वर्षाच्या अहवालात पाइपचे किलोमीटर येतात. ती पाइप ज्यांच्या रानातून गेली, त्यांच्यापैकी किती जणांचा मोबदला बाकी आहे, हा आकडाही त्याच पानावर यायला हवा. लाइन आपल्या शिवारातून जात असेल तर येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा आणि तालुक्यातल्या जोडण्या, खोदाईच्या वेळचा संपर्क आणि बाकी मोबदला, या तिन्हीची माहिती कंपनीकडून लेखी मागावी.