मोरीचं मटण

होस्टेलला आलो त्या पहिल्या महिन्यातली गोष्ट. लालबागच्या एका मालवणी खानावळीत फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, 'मोरीचं मटण'. मी पडलो साताऱ्याचा. आमच्याकडे मटण म्हणजे मटण! मोरी हे मसाल्याचं नाव असेल असं समजून थाळी मागवली. झणझणीत रस्सा, मऊ तुकडे आणि हाड म्हणून एक नाही. थाळी निम्मी संपल्यावर माझा मालवणचा रूमपार्टनर शांतपणे म्हणाला, "कशी लागली? शार्क आसा ती!"

घास तोंडातच राहिला. पिक्चरमध्ये माणसं खाणारा शार्क इथे मीच भाकरीबरोबर खात होतो.

मुंबईत तिला मुशी म्हणतात आणि तळकोकणात मोरी. तिच्या अंगात हाडं नसतातच, सगळा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानात असते तशा मऊ हाडाचा. त्या दिवसापासून या प्राण्याविषयी मिळेल ते वाचत गेलो. लायब्ररीत अभ्यासाची पुस्तकं सोडून बाकी सगळं वाचायची माझी जुनी सवय आहे, हे सरांना माहीत आहेच! असो.

पहिला मुद्दा भीतीचा. जगभरात न डिवचता शार्क माणसाला चावल्याच्या घटना वर्षाला साधारण साठ-सत्तर होतात. त्यातले मृत्यू बहुतेक वर्षी दहाच्या आत असतात. आपल्या मुंबईच्या लोकल मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जातात, तरी आपण सकाळी ८.१७ ला लटकतोच. उलट बाजूचा हिशोब बघा. २०१९ मध्ये माणसाने मासेमारीत सुमारे आठ कोटी शार्क मारले, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये मांडला. आता सांगा, कोणी कोणाला घाबरायचं?

आपल्या भागात शार्क चावतच नाही असंही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मासे पकडायला गेलेल्या एका तरुणाच्या पायाचा शार्कने भयंकर चावा घेतला. तो बुल शार्क असल्याच्या बातम्या आल्या. समुद्रापासून इतक्या आत शार्क आला कसा, असं सगळ्यांनाच वाटलं. पण बुल शार्कचं वैशिष्ट्यच ते आहे. समुद्रातल्या शार्कच्या रक्तात युरिया भरपूर साठवलेला असतो. बाहेरच्या खाऱ्या पाण्याशी तोल राखायला तो लागतो. (मुशी शिळी झाली की अमोनियाचा वास मारते तो याच युरियामुळे. म्हणूनच ती ताजीच घ्यावी लागते.) बुल शार्क गोड्या पाण्याकडे निघाला की रक्तातला युरिया आणि मीठ कमी करतो आणि जादाचं पाणी लघवीवाटे बाहेर टाकतो. ॲमेझॉन नदीत हे शार्क समुद्रापासून तीन हजार किलोमीटरहून आत सापडले आहेत. एवढी कंट्रोल सिस्टीम आपण डिझाईन करायला घेतली तर चार सबमिशन्स कमी पडतील!

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी अजून एक. शार्कच्या नाकाडावर बारीक बारीक छिद्रं असतात, त्यांत जेलीसारखा पदार्थ भरलेला असतो. त्यांच्या मदतीने तो सेंटीमीटरला काही नॅनोव्होल्ट इतकं क्षीण विद्युतक्षेत्र ओळखू शकतो. वाळूत दडून बसलेल्या माशाचे स्नायू हलले की याला पत्ता लागतो. कानमुशी, म्हणजे हातोड्यासारख्या डोक्याचा हॅमरहेड, ते रुंद डोकं तळाशी फिरवत पाकटं शोधतो. मेटल डिटेक्टर फिरवावा तसा! पाकट म्हणजे शेपटीत काटा असलेला तो चपटा मासा, शार्कचाच चुलत भाऊ. २०१३ च्या गणपती विसर्जनात गिरगाव चौपाटीवर कितीतरी भक्तांना पाकटांनी डंख मारले होते. म्हणजे शार्कचं जेवण आपल्या चौपाटीवर गुडघाभर पाण्यात फिरत असतं.

पण मला खरं सांगायचंय ते शार्कच्या पिल्लांविषयी. मोठे शार्क खोल समुद्रात लांब लांब फिरतात, काही जाती हजारो किलोमीटर. पिल्लं घालायला मात्र बऱ्याच जातींच्या माद्या किनाऱ्याजवळ, उथळ पाण्यात आणि खाड्यांच्या तोंडाशी येतात. तिथे कोळंबी, खेकडे, बारीक मासळी मुबलक असते आणि पिल्लांना खाणारे मोठे शार्क कमी असतात. पिल्लं सुरुवातीचे महिने, कधी कधी वर्षं तिथेच काढतात. थोडक्यात, किनारा हे त्यांचं होस्टेल! आणि आपल्या बोटींची जाळी नेमकी तिथेच फिरतात.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण डोळ्यांनी पाहिलं ते भाऊच्या धक्क्यावर. एका रविवारी पहाटे रूमपार्टनर ओढून घेऊन गेला. बर्फ, डिझेलचा वास, पाट्यांची धावपळ, लिलावाचा आरडाओरडा. एका पाटीत हातभर लांबीच्या मुश्या रचून ठेवलेल्या होत्या. त्यातल्या सात-आठांची डोकी हातोडीसारखी. रूमपार्टनरने एक उलटी केली आणि पुढच्या दोन परांच्या मध्ये बोट ठेवलं. तिथे एक छोटीशी, न भरलेली खूण होती. "नाळ," तो म्हणाला.

कानमुशी अंडी घालत नाही. आपल्यासारखीच, नाळेने जोडलेली जिवंत पिल्लं तिला होतात. ती खूण भरलेली नव्हती, म्हणजे जन्म होऊन फार दिवस झाले नव्हते. मटणाच्या थाळीने झालं नव्हतं ते मला त्या खुणेने झालं.

आता गणित बघा. मुंबईच्या बाजारात जास्त दिसणारी छोटी मुशी जेमतेम दोन-अडीच फूट वाढते, एक-दोन वर्षांत वयात येते आणि एका वेळी बऱ्यापैकी पिल्लं देते. तीसुद्धा कमी होत चाललीय, पण निदान तिचं चक्र वेगाने फिरतं. कानमुशीच्या मादीला वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि जवळजवळ वर्षभर ती पिल्लं पोटात वाढवते. पाटीत दोन्ही शेजारी शेजारी पडलेल्या असतात, कापल्यावर दोन्हींचा वाटा सारखाच दिसतो. आपण पंधरा वर्षांची ठेव पहिल्याच आठवड्यात मोडून खातोय आणि आपल्याला कळतही नाही.

कायदे नाहीत का? आहेत. जुलै २००१ मध्ये केंद्र सरकारने सगळ्याच शार्क आणि पाकटांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण दिलं. मच्छीमारांचा विरोध झाला आणि त्याच डिसेंबरात यादी दहा जातींवर आली. २०२२ च्या दुरुस्तीत ती पुन्हा वाढली. २०१५ मध्ये शार्कच्या परांच्या निर्यातीवर बंदी आली. तरी सप्टेंबर २०१८ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने सुमारे आठ हजार किलो पर जप्त केले. त्यातले तीन हजार किलो सापडले शिवडीच्या गोदामात. परळहून चालत जाता येईल इतक्या जवळ! पर परदेशात जातात म्हणून तिथल्या सूप पिणाऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण परांखालचा मासा कुठे जातो? तो इथेच राहतो, तुमच्या-माझ्या ताटात.

धक्क्यावरच्या एका मावशींना मी शहाणपणाने विचारलं, "एवढी लहान कशाला पकडता?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आरं बाला, जाल्यात येतं तं काय करनार? परत टाकलं तरी मेलेलंच!"

त्यांचं खरं आहे. मुशीसाठी वेगळं जाळं क्वचितच टाकलं जातं, बाकीच्या मासळीबरोबर ती येते. तिच्यावर घर चालणाऱ्या माणसाला एसी रूममध्ये बसून उपदेश करणं मला पटत नाही. उपाय तिच्या फायद्याचा हवा. महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून अशी योजना आहे की व्हेल शार्कसारखा संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. २०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. दिशा बरोबर आहे. पण गिऱ्हाईक पिल्लंच मागत राहिलं तर कागदावरचा आकार कागदावरच राहणार. आणि मागतो आपणच, कारण 'लहान मोरी मऊ लागते'.

मग मोठी खायची का? तीही नको. मोठा शार्क आयुष्यभर दुसरे मासे खातो, त्यांच्यातला पारा त्याच्या अंगात साठत जातो. अमेरिकेची अन्न आणि औषध संस्था गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना शार्क टाळायला सांगते. आमच्या रूमपार्टनरच्या घरी बाळंतिणीला दूध यावं म्हणून आजी मुद्दाम मोरी खाऊ घालते! आजीशी वाद कोण घालणार, पण घालायला हवा.

मित्रांनो, मी माळकरी झालेलो नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हातोडीच्या डोक्याची मुशी कितीही स्वस्त मिळाली तरी घ्यायची नाही. पोटावर नाळेची खूण दिसली की पाटी पुढे जाऊ द्यायची. आणि आपल्या मेसमध्ये महिन्यातून दोनदा जी 'बोनलेस फिश करी' असते, तो मासा नेमका कोणता, हे मेस कमिटीने एकदा कंत्राटदाराला विचारावं. बोनलेस मासा इतक्या स्वस्तात का मिळतो, याचं उत्तर तुम्हाला आता माहीत आहे. बांगडा आणा, बोंबील आणा. काटे काढत बसू, आम्हाला तरी सबमिशनशिवाय दुसरं काय काम आहे?

लालबागच्या त्या खानावळीत मी अजूनही जातो. फळ्यावर 'मोरीचं मटण' अजून असतं. मी बांगडा मागवतो.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी