शांततेचा खर्च कोणी सोसावा?

नेमबाजी हा खेळ पाहणाऱ्याला अत्यंत शांततेचा वाटतो. भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या शेजाऱ्याला तो तसा वाटत नाही. म्युनिकच्या २०१० च्या जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने सुवर्णपदक मिळविले आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक जिंकले, तेव्हा कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातील मध्यमवर्गीय घरांना हा खेळ आपलाही असू शकतो असे वाटू लागले. या खेळाचा उंबरठा म्हणजे दहा मीटरची हवेची बंदूक. तिच्यासाठी सुसज्ज केंद्र गाठणे सर्वांनाच परवडत नाही. मग साताऱ्याच्या पेठेतील लांबट घरात ओसरीपासून परसापर्यंत, किंवा सांगलीच्या गावभागात गच्चीवरील पत्र्याच्या शेडमध्ये, तेहतीस फूट मोजून लक्ष्य टांगले जाते आणि सराव सुरू होतो. दोन-चार दिवसांतच शेजारचे काका दार वाजवितात.

काकांची तक्रार खोटी नसते. हवेच्या बंदुकीत दारू नसली तरी तिला तीन आवाज असतात. स्प्रिंगच्या बंदुकीत दट्ट्या पुढे आपटतो, तो पहिला. नळीच्या तोंडातून दाबलेली हवा एकदम मोकळी होते, तो दुसरा. अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा शिशाचा छर्रा लक्ष्यामागच्या लोखंडी पत्र्यावर आदळतो, तो तिसरा. आणि घरगुती सरावात शेजाऱ्याला सर्वांत जास्त छळणारा बहुधा हाच. पंख्याच्या घरघरीला कान सरावतो. परंतु पात्रता फेरीतील साठ गोळ्यांच्या हिशेबाने रोज साठ वेळा, पुढचा ठोका केव्हा पडेल हे न कळता होणारा ‘टण्’ असा आवाज परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीला किंवा रात्रपाळी करून दुपारी पाठ टेकणाऱ्या कामगाराला सहन होत नाही.

यावर काही उत्साही तरुणांना पहिला उपाय सुचतो तो नळीच्याच तोंडाला काहीतरी बसविण्याचा. ती वाट धरू नये. बंदुकीचा आवाज अगर ज्वाला कमी करणाऱ्या जोडसाधनांना भारताच्या शस्त्रनियमांनी निषिद्ध वर्गात घातले आहे. खेळाच्या कमी शक्तीच्या हवेच्या बंदुकीस ते कलम कितपत लागू पडते हा वाद वकिलांनी घालावा. विद्यार्थ्याने पोलीस ठाण्यात उभे राहून तो घालण्याचे कारण नाही. शिवाय स्पर्धेच्या बंदुकीत घरगुती फेरफार केला तर ती स्पर्धेला उतरण्याच्या लायकीची राहत नाही. बंदूक आहे तशी असू द्यावी आणि खोली गप्प करावी.

खोली गप्प करण्याचे शास्त्र फार गहन नाही, मात्र त्यात एक घोटाळा नेहमी होतो. आवाज अडविणे वेगळे आणि आवाज शोषणे वेगळे. अडविण्यासाठी जडपणा लागतो: वीट, माती, वाळू. शोषण्यासाठी सच्छिद्रपणा लागतो: लोकर, कापूस, काथ्या, ताग. भिंतीवर अंड्यांचे कागदी ट्रे चिकटविले की काम झाले असा समज सर्वत्र आहे. ते ट्रे खोलीतील घुमणे थोडे कमी करतील, पण शेजाऱ्याकडे जाणारा आवाज त्यांनी अडणार नाही, कारण त्यांना वजनच नाही. दाराखालच्या बोटभर फटीतून पाणी वाहावे तसा आवाज वाहतो. ती फट बुजविल्याशिवाय भिंतीवर केलेला खर्च वाया जातो. सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक काम लक्ष्यापाशीच होते. पत्र्याच्या पुढे जुन्या गोधडीचे किंवा घोंगडीचे दोन-तीन सैल पडदे सोडले की छर्रा त्यांत आपला वेग गमावतो आणि ‘टण्’चा ‘थप्’ होतो. मागे वाळूचे पोते असले म्हणजे काही निसटले तरी परतून येत नाही. छर्रे शिशाचे असल्याने ते रोज वेचावेत, हात साबणाने धुवावेत आणि लहान मुलांना त्या कोपऱ्यात बसू देऊ नये.

या दोन जिल्ह्यांत अशा सामानाचा तुटवडा मुळीच नाही. सांगलीच्या हळदपेठेमुळे तागाचे बारदान तेथे हाताशी आहे. माण-खटाव आणि जत-आटपाडीच्या माळांवरच्या मेंढ्यांची जाडीभरडी लोकर आवाज शोषण्यास उत्तम. परंतु घोंगडीचा बाजार आटल्यापासून तिला मोल राहिलेले नाही आणि मेंढपाळाला कातरणीची मजुरीही सुटत नाही. उसाच्या चिपाडाची कथा याहून बोलकी आहे. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत लुइझियाना प्रांतातील कारखान्यांनी चिपाडाचे तक्ते बनवून ‘सेलोटेक्स’ या नावाने विकले आणि सभागृहे, कार्यालये यांच्या छतांना ध्वनिशोषक म्हणून ते लावले गेले. साखर कारखान्यांनी गजबजलेल्या सातारा-सांगलीत चिपाड मुख्यतः बॉयलरमध्ये जाते. त्यातून वीज निर्माण होते ही गोष्ट उपयुक्तच. तरीही त्यातला थोडा भाग शाळेच्या घुमणाऱ्या वर्गखोल्यांसाठी वापरून पाहण्याचा विचार सहकारी चळवळीला फारसा शिवू नये, याचे आश्चर्य वाटते.

सामानाचा प्रश्न असा सुटतो. खर्च कोणाचा हा प्रश्न उरतो, आणि अर्थशास्त्राचा खरा विषय तोच आहे. आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये मांडलेला विचार सरळ होता: आपल्या कृतीचा भार दुसऱ्यावर पडत असेल तर तो भार कृती करणाऱ्याच्या हिशेबात आणावा. रोनाल्ड कोस यांनी १९६० मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात हा विचार उलटून पाहिला, आणि गंमत अशी की त्यांचे एक मुख्य उदाहरण आवाजाचेच होते. लंडनमधील एक मिठाईवाला वर्षानुवर्षे आपल्या स्वयंपाकघरात खलबत्ते चालवीत होता. शेजारच्या डॉक्टरांनी बागेच्या टोकाला भिंतीलगत तपासणीची खोली बांधली आणि स्टेथॉस्कोप कानाला लावला की खलबत्त्याचा दणका ऐकू येऊ लागला. १८७९ मध्ये न्यायालयाने डॉक्टरांच्या बाजूने निकाल दिला. कोस यांचे म्हणणे असे की, वाटाघाटीला खर्च पडत नसेल तर न्यायालयाने हक्क कोणाच्याही पदरात टाकला तरी दोघे शेजारी आपापसांत तडजोड करून सर्वांत कमी खर्चाचा उपाय शोधतील.

पेठेतील नेमबाज मुलगा आणि शेजारचे काका यांच्यात नेमके हेच घडते. सराव संध्याकाळी पाच ते सहा, दुपारी बंद, लक्ष्यापुढे घोंगडी, परीक्षेच्या महिन्यात सुटी. ठराव नाही, अर्ज नाही, दंड नाही. मुलाच्या घरचे शे-दोनशे रुपये आणि थोडे अंगमेहनतीचे काम एवढ्यात दोन घरांचे समाधान होते. गरीब घरातील मुलगा आपल्या आवाजाचा खर्च स्वतः सोसतो आणि तसे करण्यात काही विशेष करीत आहोत असे त्याला वाटतही नाही.

त्याच पेठेतून, त्याच गावभागातून वर्षातले काही दिवस ‘डॉल्बी’च्या भिंती जातात. भिंत हा शब्द येथे अलंकारिक नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर एकावर एक रचलेले कर्णे आता या नावानेच ओळखले जातात. २०१४ च्या सप्टेंबरात साताऱ्यात विसर्जन मिरवणुकीच्या वेळी जुनी भिंत कोसळून तिघांचा बळी गेला आणि त्याचा दोष लोकांनी डॉल्बीच्या हादऱ्यांना दिला. २०२३ च्या गणेशोत्सवात सांगली जिल्ह्यात दणदणाटाच्या मिरवणुकीनंतर दोन तरुणांचे मृत्यू झाल्याची वृत्ते आली. एखाद्या मृत्यूचे कारण केवळ आवाजच होता हे सिद्ध करणे वैद्यकशास्त्रालाही कठीण असते, हे मान्य केले पाहिजे. पण छातीत धडधडणारा तो दणका ज्याने अंथरुणावर पडून ऐकला आहे, त्याला सिद्धतेची वाट पाहावी लागत नाही.

कायदा नाही असे नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात या नियमांना बळ दिले. राज्य सरकारला वर्षातून फार तर पंधरा दिवस रात्री बारापर्यंत मुभा देता येते. मात्र ती मुभा वेळेची आहे, पट्टीची नाही, ही गोष्ट मंडळांचे कार्यकर्तेच नव्हेत तर त्यांच्यापुढे नारळ फोडणारे पुढारीही सोयीस्करपणे विसरतात. डेसिबलची पट्टी साधी नसते. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, वीस वाढले की शंभरपट. त्यामुळे ‘थोडेसेच जास्त’ हा बचाव गणिताला मान्य होण्यासारखा नाही.

येथे तडजोड का होत नाही? कोस यांच्याच निबंधात उत्तर आहे. दोन घरांची बोलणी ओट्यावर होतात. हजार घरे आणि चाळीस मंडळे यांची बोलणी कोण घडवून आणणार? प्रत्येक रहिवाशाचा त्रास वाटला जातो, तक्रार करणाऱ्याचा धोका मात्र त्याच्या एकट्याचा असतो. एखाद्या कारकुनाने फोन केला तर उद्या त्याचे नाव पेठेत फुटते. अशा ठिकाणी वाटाघाटीचा खर्च इतका मोठा असतो की शासनाने मध्ये पडणे हाच स्वस्त मार्ग ठरतो. नेमका तेथेच शासनाचा हात आखडतो.

डॉल्बीवाल्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे म्हणता येणार नाही. कर्ज काढून सामान घेतलेली तरुण मुले त्यात आहेत, हंगामाच्या चार पैशांवर त्यांचे घर चालते. उत्सव हा सामान्य माणसाच्या कष्टाच्या वर्षातला विसावा आहे, हेही खरे. पण मिठाईवाल्याचा धंदाही प्रामाणिकच होता. धंदा प्रामाणिक आहे म्हणून त्याचा भार शेजारच्या बाळंतिणीने आणि हृदयरुग्णाने उचलावा, हे त्यातून निघत नाही. त्याच सामानाची पट्टी नियमात ठेवली तर भाडे बुडण्याचे कारण नाही. बुडते ती फक्त शेजारच्या मंडळाशी चाललेली चढाओढ.

लोकांनी मनावर घेतले तर काय होते, याचे उदाहरण सांगली जिल्ह्यातच आहे. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाइल बंद होतात. २०२२ मध्ये या गावाची वार्ता देशभर गेली. शांततेसाठी भोंगा वाजवावा लागतो यात विसंगती आहे खरी. पण ते लहान गाव आहे, सर्व एकमेकांना ओळखतात. सातारा-सांगलीसारख्या शहरांत ही जबाबदारी नगरपालिका, महापालिका आणि पोलीस यांच्यावरच येते.

नेमबाजांसाठी काही करायचे झाल्यास सुटीच्या दिवशी बंद असलेली शाळा-महाविद्यालयांची सभागृहे मोकळी करून देता येतील. दहा मीटरची जागा आणि प्रशिक्षकाची देखरेख असली की गच्चीवरचा सराव आपोआप कमी होईल. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाला किंवा कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाला घोंगडी, बारदान आणि चिपाडाचा तक्ता यांची ध्वनिशोषणाची मोजणी करणे हा एका सत्राच्या प्रकल्पाचा विषय आहे. त्यासाठी लागणारे यंत्र नवीन घ्यावे लागेलच असेही नाही. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यातील पोलिसांना ध्वनिमापक पुरविण्यात आले. विद्यार्थ्यांना ते दोन दिवस वापरू द्यावेत, आणि येत्या अनंत चतुर्दशीला त्यांनीच, पोलिसांच्या सोबतीने, राजपथावर उभे राहून दर मंडळाचा आकडा नोंदवावा व दुसऱ्या दिवशी तो पालिकेच्या फलकावर लावावा.