सायकलला गेलेला तडा

बालमित्रांनो,

सायकल चालवताना खालून कुठून तरी 'कर्र... कर्र...' असा आवाज येतो का? येत असेल तर आजचा लेख नीट वाचा, आणि आई-बाबांनाही वाचून दाखवा बरं का!

धुळे-जळगाव रस्त्यापासून थोडे आत आमचे गाव. गेल्या पावसाळ्यात माझ्या सातवीच्या वर्गातली एक मुलगी आठ दिवस गप्प गप्प होती. एरवी प्रत्येक प्रश्नाला तिचा हात वर! शेवटी एका मधल्या सुट्टीत ती रडवेली होऊन म्हणाली, "गुरुजी, मन्हा हातथून सायकल तुटनी."

सायकल तिच्या वडिलांची, जुनी, काळी, दणकट. पहाटे ते तिच्यावरून दूध घालतात. मागे दोन बाजूंना दोन कॅन, मिळून 40 लिटर दूध. म्हणजे 40 किलोहून जास्तच ओझे! दूध घालून झाले की तीच सायकल घेऊन ही मळ्यातून शाळेत येते. एक दिवस चिखलात सायकल आडवी पडली आणि उचलताना तिला एक रेघ दिसली. सीटची नळी खाली पायडलच्या आसाजवळ जिथे बसते, तिथे. केसाएवढी बारीक. आपल्यामुळेच मोडली, या भीतीने तिने घरी सांगितलेच नाही. आणि वडील मात्र रोज भरलेले कॅन लावून त्याच सायकलवर जात होते!

मी वर्गात सगळ्यांना बारीक तारेचा एकेक तुकडा दिला. "वाकवा. सरळ करा. पुन्हा वाकवा." एकदा वाकवून तार तुटली नाही. पाचदा वाकवूनही नाही. मग एकदम 'टक्'!

"सांगा, कोणत्या वाकवण्याने तार तुटली?"

"शेवटच्या!" सगळे ओरडले.

ती मात्र हळूच म्हणाली, "सगळ्यांनी मिळून."

अगदी बरोबर! माणसासारखा धातूही थकतो. प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक पायडलला नळी किंचित वाकते आणि सरळ होते. लाखो वेळा असे झाले की सांध्याजवळ सूक्ष्म तडा जातो आणि तो हळूहळू वाढत राहतो. 1842 साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस असाच मोडला आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. पुढे वोलर नावाच्या जर्मन इंजिनिअरने आसांवर अनेक वर्षे प्रयोग करून धातूचे हे थकणे नीट मोजले.

म्हणजे सायकल त्या मुलीने मोडली नव्हती. संध्याकाळी आम्ही दोघे तिच्या घरी गेलो. वडील क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलं, बेटा. भर रस्त्यात कॅनसकट पडलो असतो."

आधी खात्री करायची होती. कधी कधी नुसता रंगच तडकलेला असतो. आम्ही रंग खरवडून काढला, शिलाई मशीनचे पातळ तेल लावले, दहा मिनिटे थांबलो. मग तेल अगदी कोरडे पुसले आणि वरून शाळेतल्या खडूची पूड चोळली. थोड्या वेळाने पांढऱ्या पुडीवर काळी रेघ उमटली! तड्यात शिरलेले तेल बाहेर झिरपले होते. रेल्वेच्या कारखान्यांत पूर्वी तडे शोधायची हीच रीत होती.

आता दुरुस्ती. नवी सायकल 6000 रुपयांच्या घरात. तो विचार नकोच. जुन्या बाजारातली फ्रेम स्वस्त, पण तिला कुठे तडा आहे हे कोणी सांगावे? गावातला वेल्डिंगवाला प्रामाणिक निघाला. म्हणाला, "नाना, माझं काम गेट-खिडक्यांचं. ही नळी पातळ. माझ्या मशीननं भोक पडेल." कुशल हाताला तेही जमते. पण पातळ नळीवर ओबडधोबड वेल्डिंग झाले, तर त्याच्या शेजारीच पुन्हा तडा जातो.

त्यानेच धुळ्याच्या एका जुन्या कारागिराचे नाव सांगितले. हे काका गॅसच्या ज्योतीने पितळेचा सांधा करतात. त्यांनी आधी तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडले. टोकदार तडा पुढे पळतो. गोल भोकापाशी तो अडतो. मग नळीवर पत्र्याची वळवलेली पट्टी बसवली, टाकणखार लावला आणि ज्योत धरली. पोलाद वितळायला सुमारे 1500 अंश सेल्सिअस लागतात. पितळ 900 च्या आसपासच वितळते. त्यामुळे नळी नुसती लालबुंद झाली आणि पितळ पाण्यासारखे फटीत ओढले गेले. जळगावच्या सराफ बाजारात सोनार दागिन्याला डाग देतो, तेव्हाही टाकणखार आणि ज्योतच असते. कला तीच, दागिना मोठा!

"आता पाणी ओतू नका. आपोआप गार होऊ द्या," काकांनी बजावले.

पैसे कुठे वाचले? चाके, चेन, सीट काढणे, नळी घासणे, नंतर रेड ऑक्साइड आणि काळा रंग लावणे, हे सारे बाप-लेकीने घरीच केले. काकांना फक्त आगीच्या कामाचे 300 रुपये दिले. रंगाचे 120. एकूण 420 रुपये.

फ्रेम सरळ राहिली का, हे तिने दोरीने तपासले. मागच्या चाकाचा आस बसतो त्या एका खाचेतून दोरी पुढे नेली, हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत आणून बांधली. मग सीटच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर पट्टीने मोजले. दोन्हीकडे सारखे! आता ती दर रविवारी सांध्यावरून फडके फिरवून नीट बघते. आणि वडील दोन खेपा करतात, एका वेळी 20 लिटरच्या.

पण मित्रांनो, दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पुढचे चाक धरणारा चिमटा किंवा हँडल यांना तडा गेला तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका, ते बदलाच. ते मोडले तर माणूस सरळ तोंडावर पडतो. आणि गॅसचे, वेल्डिंगचे काम कारागिराचेच. तुम्ही लांब उभे राहा. वेल्डिंगच्या ठिणगीकडे तर बघूच नका.

पालकांनो, तुम्हालाही एक विनंती. 'मोडलं' असे सांगत मूल आले, तर ओरडण्याआधी त्याला जवळ घ्या. आमच्या गावात तडा सापडूनही आठ दिवस तो घरात कळला नाही, तो केवळ ओरडा बसेल या भीतीने.

मग या रविवारी काय करायचे? एक फडके, एक खडू आणि घरातली सायकल! काही रेघ दिसली तर लगेच सांगा हं, त्याच दिवशी.

तुमचे,
गुरुजी