भंगारातली धार

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की प्रत्येक घरातून एक ढीग बाहेर पडतो, आणि त्या ढिगाकडे पाहण्याच्या तऱ्हेवरून माणसांचे सरळ दोन वर्ग पडतात. एका वर्गाला त्यात अडगळ दिसते. दुसऱ्याला बेअरिंग दिसतात. मी पहिल्या वर्गातला. व्याकरण शिकवून पोट भरणाऱ्याला बेअरिंगशी काय कर्तव्य? पण माझा एक जुना विद्यार्थी दुसऱ्या वर्गातला निघाला, आणि त्याने भंगारातून उभे केलेले यंत्र पाहून आल्यापासून मी भेटेल त्याला त्याचे वर्णन ऐकवत सुटलो आहे. आज वाचकांची पाळी.

हे गृहस्थ लोहाराचे चिरंजीव. मराठी घेऊन बी. ए. झाले, दोन वर्षे नोकरीचे अर्ज लिहिले (त्यांत ऱ्हस्वदीर्घाची एक चूक नसे, एवढे श्रेय माझे), आणि शेवटी वडिलांच्या भात्याशी परत आले. गाव ऊसतोड कामगारांचे. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या कारखान्यांकडे निघणार, आणि निघण्यापूर्वी प्रत्येकाला कोयता हवा. नवा नाही तर जुनाच, धार लावून. ट्रकच्या कमानीचा पाटा तापवून, ठोकून कोयता घडवण्यात म्हाताऱ्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नाही. पण घडवल्यावर कानशीने घासून त्याला तोंड काढायचे, हे काम वेळखाऊ, आणि त्यात उजवा खांदा धरलेला. मागल्या हंगामात निम्मे गिऱ्हाईक तालुक्याच्या गावी गेले. अजून एक हंगाम तसा गेला असता, तर भाता विझला असता.

तेव्हा मुलाने पट्ट्याचा ग्राइंडर करायला घेतला. विकतचा घेण्याची ऐपत नव्हती. यंत्र तसे सोपे: तीन चाके आणि त्यांवरून फिरणारा खरखरीत कापडी पट्टा, ६ फूट लांब, २ इंच रुंद. एक चाक मोटरच्या दांड्यावर, एक पुढे, आणि तिसरे वर, स्प्रिंग लावलेल्या हातावर, पट्टा ताणून धरणारे. पट्ट्याच्या पाठीशी एक सपाट लोखंडी पट्टी. तिच्या आधाराने पाते घासायचे. मोटर मिळाली बंद पडलेल्या कडबाकुट्टीची, एक अश्वशक्तीची, आणि तीही किलोच्या भावाने! फेरे मिनिटाला १४४०. तिच्यावर ४ इंच व्यासाचे चाक बसवले की पट्टा मिनिटाला सुमारे १५०० फूट धावतो. म्हणजे ताशी साडेसत्तावीस किलोमीटर. आमच्या गावाला जाणारी एस. टी. खड्डे सांभाळत याहून फार वेगाने जात नाही.

सांगाडा एका मोडक्या खाटेच्या लोखंडी चौकटीचा. स्प्रिंग मोटारसायकलच्या स्टँडची. बेअरिंग ६२०२ नंबरची, हाताने फिरवून, कानाशी धरून, खरखरणारी बाजूला काढून निवडलेली.

हे ऐकून कोणी 'जुगाड' म्हणेल. मला तो शब्द या ठिकाणी मुळीच पसंत नाही. जुगाडात 'चालून जाईल' ही वृत्ती असते. इथे चालून जाण्यासारखे काही नव्हते. चाके त्याने भंगारातून घेतली नाहीत. पैसे मोजून लेथवर कातून आणली, कारण चाक तसूभर वाकडे तर सारे यंत्र थरथरणार. पट्टा नवा, कारण जुन्या पट्ट्याचा सांधा सुटला तर तो तोंडावरच येणार. वायर आणि स्विच नवे, अर्थिंग पक्के. हातमोजे मात्र घालायचे नाहीत! मला हे उलटेच वाटले. पण फिरता पट्टा मोज्याचे टोक पकडतो आणि मोज्याबरोबर हातही ओढतो. चष्मा आणि नाकावर फडके हवेच.

वरचे चाक मध्यभागी किंचित फुगीर कातलेले असते. पट्टा घसरू नये म्हणून चाकाला मध्ये खोबण असावी असे आपल्याला वाटेल. पण सपाट पट्ट्याचा स्वभाव विचित्र: पाणी उताराकडे धावते, हा चढाकडे. फुगवट्यावर चढून तो आपोआप मध्यभागी राहतो. जुन्या कारखान्यांत एका लांब दांड्यावरून अनेक यंत्रांना पट्ट्यांनी गती देत, तेव्हाही हीच युक्ती होती.

आता माझ्या प्रांतातली एक गोष्ट. या पट्ट्यावरचे तपकिरी कण अॅल्युमिनियम ऑक्साइडचे, म्हणजे कृत्रिम कुरुंदाचे. कुरुंद हा हिऱ्याखालोखाल कठीण असा खनिज दगड. माणिक आणि नीलम ही त्याचीच श्रीमंत भावंडे. तमिळमध्ये त्याला 'कुरुंदम्' म्हणतात, संस्कृतात 'कुरुविंद'. आणि इंग्रजांनी आपला 'कोरंडम' इथूनच उचलला. पुढे १८९१ साली अमेरिकेत अॅचेसन याला भट्टीत एक नवा कठीण पदार्थ सापडला. त्यात कार्बन आणि कोरंडम असावे या समजुतीने त्याने नाव ठेवले 'कार्बोरंडम'. समजूत खोटी ठरली, नाव टिकले. हार्डवेअरच्या दुकानात कार्बोरंडमचा दगड मागणारा आपला माणूस आपलाच शब्द सातासमुद्रापलीकडून परत आणत असतो!

यंत्र उभे राहिले, पण म्हातारा त्याला कोयता लावू देईना.

"मास्तर, ह्यानं पानी उतरतंय," तो मला म्हणाला.

त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते. तापवलेले पाते पाण्यात बुडवून कडक करायचे, याला लोहार 'पाणी देणे' म्हणतात. पाणीदार तलवार ती हीच. वेगाने घासताना धार तापते. तिच्यावर निळी झाक आली की ती ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचली आणि कडकपणा ढळू लागला. कानशीच्या धिम्या कामात ही भीती नाही.

मुलाने वाद घातला नाही. मोटरपासून दूर, डाव्या हाताला पाण्याची बादली ठेवली. उघड्या बोटांनी पाते धरले, एकदा पट्ट्यावरून ओढले, बुडवले. पुन्हा ओढले, पुन्हा बुडवले. बोटाला चटका बसायच्या आत पाण्यात, हा हिशेब. आधी ६० नंबरचा पट्टा, मग बारीक १२० चा. दहा मिनिटांत तोंड निघाले. निळ्याचा मागमूस नाही.

म्हाताऱ्याने कोयता उजेडात धरला. मग कानस घेऊन धारेवर एक हलका हात मारला, आणि तोच हात पात्याच्या न घासलेल्या भागावर. कान देऊन ऐकले. पुन्हा तसेच केले.

"सारखंच बोलतंय की रं," तो म्हणाला.

कोपऱ्यात अकरा कोयते पडले होते आणि मुकादमाची गाडी तीन दिवसांनी निघायची होती. म्हाताऱ्याने त्यांतला एक उचलून मुलापुढे टाकला आणि बादलीतले पाणी बदलायला स्वतः उठला.