भूत कोणाला म्हणायचं?

'ब्लू सनशाइन' हा १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातला अमेरिकन भयपट. दिग्दर्शक जेफ लिबरमन, बजेट तुटपुंजं. कथा अशी की, दहा वर्षांपूर्वी स्टॅनफर्ड विद्यापीठात ज्यांनी एका विशिष्ट बॅचचं एलएसडी घेतलं, त्यांचे केस आता अचानक गळू लागतात आणि ती चांगली संसारी माणसं समोर दिसेल त्याचा खून करत सुटतात.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही कल्पना ओळखीची वाटते. कोडमध्ये राहिलेला एखादा दोष वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि एक दिवस सगळी सिस्टीम पाडतो. पण माणसाचं शरीर असं चालत नाही. एलएसडीमुळे दहा वर्षांनी कुणी खुनी होत नाही. अशी भीती मात्र तेव्हा हवेत होती. एलएसडीमुळे गुणसूत्रं तुटतात असा दावा १९६७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. १९७१ मध्ये त्याच नियतकालिकाने छापलेल्या आढाव्यात, शुद्ध एलएसडी मध्यम प्रमाणात घेतल्यास असं नुकसान होत नाही, असा निष्कर्ष निघाला. तोवर घबराट घरोघरी पोचली होती.

खोट्या भीतीचा तोटा इथेच आहे. मुलाला सांगितलेली एक गोष्ट खोटी निघाली की खऱ्या दहा गोष्टींवरही तो विश्वास ठेवत नाही. आणि खरं तर पुरेसं गंभीर आहे. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या नशेसाठी रोज घेतल्या आणि एकदम बंद केल्या तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून 'आजपासून सोड' म्हणत पोराला खोलीत कोंडणं हा उपाय नव्हे. त्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी कराव्या लागतात.

चित्रपटाचं विज्ञान चुकलं, पण एक गोष्ट त्याने नेमकी पकडली. ज्यांनी नशा केली ते राक्षस ठरतात. ज्याने कॉलेजात ती विकली, तो एड फ्लेमिंग काँग्रेसच्या निवडणुकीला उभा आहे, पोस्टरवर हसतो आहे.

हे दृश्य आपल्याला परकं आहे का? गोळी खाणाऱ्या पोराला आपण 'चरसी', 'गर्दुल्ला' म्हणून मोहल्ल्यातून बाद करतो. त्याच्या बहिणीचं लग्न अडतं, आई तोंड लपवते. गोळी पुरवणाऱ्याचं नाव मात्र कुणी मोठ्याने घेत नाही.

कायदा इथे आपल्यापेक्षा समंजस आहे. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याचं कलम ६४अ सांगतं की, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातल्या अमली पदार्थाचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात स्वतःहून पूर्ण उपचार घेतले, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालवता येत नाही. किती घरांना हे माहीत आहे? १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, मोफत. तो नंबर आपल्या गल्लीतल्या किती भिंतींवर दिसतो?

दोस्तांनो, भयपट संपला की भूत पडद्यावरच राहतं. आपल्या शेजारचा मुलगा भूत नाही, आजारी आहे. त्याला दवाखान्यापर्यंत सोबत करा. आणि विकणारा मतं मागायला दारात आला, तर त्याला प्रश्न विचारा.