प्रशासक गेले, मुकेपण राहिले

पुणे महापालिकेत १५ मार्च २०२२ ला सुरू झालेला प्रशासकाचा कारभार जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतरच संपला. सभागृहाची मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, असे राज्यघटना सांगते. तरीही ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात ती रखडली, आणि ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. आता १६५ नगरसेवक निवडून आले आहेत. पण त्यामुळे सगळे पूर्ववत झाले, असे समजणे घातक ठरेल.

प्रशासकाच्या काळात आयुक्तच अंदाजपत्रक मांडत आणि स्थायी समिती व मुख्य सभेच्या अधिकारात तेच मंजूरही करत. एरवी ड्रेनेजच्या कामाचा खर्च का वाढला, असे एखादा नगरसेवक मुख्य सभेत विचारायचा. वार्ताहर ते टिपायचा. सकाळी ती चार ओळींची बातमी वाचून लोक क्षेत्रीय कार्यालय गाठायचे. हे सगळेच थांबले. उरली मोबाइलवरची तक्रार. ती ‘निकाली’ निघाल्याचा संदेश येतो आणि चेंबर मात्र तुंबलेलेच असते. असे दोनचारदा घडले की माणूस तक्रार करणेच सोडतो, आणि तक्रार नाही म्हणजे काम झाले, असे कार्यालय धरून चालते. मला खरी भीती याची वाटते.

समाविष्ट गावांत तर याहून वाईट घडले. जून २०२१ अखेर २३ गावे महापालिकेत आली. ग्रामपंचायती बरखास्त झाल्या, सरपंच गेला, ग्रामसभा गेली. त्या जागी नगरसेवक यायला हवा होता. तोही साडेचार वर्षे आला नाही. कर महापालिकेचा, पाणी मात्र टँकरचे आणि विहिरीचे! जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड-किरकटवाडी भागात, गुइलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढू लागले आणि संशय दूषित पाण्यावर गेला. ज्यांच्या घरातली माणसे अतिदक्षता विभागात होती, त्यांना जाब विचारायला महापालिकेत हक्काचा एकही लोकप्रतिनिधी नव्हता. निवडून आलेला माणूस असता तर साथ टळली असती, असा माझा दावा नाही. पण पाण्याविषयीची ओरड सभागृहात लवकर पोहोचली असती, एवढे नक्की.

आणि आता बहुतेक ठिकाणी चार-चार नगरसेवकांचे प्रभाग. २०११ च्या जनगणनेचा आकडा धरला तरी एका प्रभागात सरासरी ८० हजारांवर लोक. चौघांपैकी पाण्याचे कोणाला विचारायचे आणि कचऱ्याचे कोणाला? जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवणार. यावरचा उपाय कायद्यातच आहे. नागरिकांनी मतदान केंद्रांच्या परिसरात एकत्र बसून आपल्या कामांचा क्रम ठरवावा, यासाठी राज्याने २००९ मध्येच क्षेत्रसभेची तरतूद केली. ती आजवर कागदावरच पडून आहे. सत्ता कोणत्याही पक्षाची असो, लोकांनी समोर बसून हिशेब मागणे कोणालाच सोयीचे नसते.

१ मे ला राज्यभरातल्या गावांत ग्रामसभा भरतात. त्याच दिवशी आपल्या प्रभागातही क्षेत्रसभा घ्यावी, असे पत्र सोसायट्यांनी, वस्त्यांनी, गणेश मंडळांनी आत्ताच लिहावे. त्यावर प्रभागातल्या सर्व नगरसेवकांची नावे घालावीत, ते क्षेत्रीय कार्यालयात द्यावे आणि पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नये.